प्लंबर म्हणतो

"टेप उलटी गुंडाळताय तुम्ही," बायको म्हणाली.

सिंकखालच्या कपाटात तो कमरेपर्यंत शिरला होता. पाठीखाली जुनी चादर, तोंडात बॅटरी, हातात पाइपाचा वाकडा तुकडा. त्याने बॅटरी तोंडातून काढली. "तुला कुणी सांगितलं?"

"प्लंबर म्हणतो. आटे ज्या बाजूला फिरतात त्याच बाजूला गुंडाळायची."

प्लंबर म्हणतो! या दोन शब्दांनी त्याचं डोकं सणकलं. वर्षभर तो हेच ऐकत होता. नळाला फार जोर लावू नये, प्लंबर म्हणतो. गरम तेल सिंकमध्ये ओतू नये, प्लंबर म्हणतो. खुद्द नवऱ्याचं म्हणणं काय, हे विचारायची त्या घरात पद्धतच उरली नव्हती.

प्लंबरला त्याने एकदाच पाहिलं होतं, मागच्या वर्षी. कुरळे केस, रुंद खांदे, शीळ घालत काम करायची सवय. बायको तेव्हा दोन तास त्याच्याशेजारी उकिडवी बसून होती, आणि मनापासून हसत होती. नवऱ्याच्या विनोदांना हल्ली ती नुसतं 'हं' म्हणायची.

तेव्हापासून घरात काहीही बिघडलं की तो स्वतःच पाना घेऊन बसे. त्या माणसाला दारात यायचं निमित्तच मिळता कामा नये. पण न्हाणीघरातला नळ त्याने दुरुस्त केला, तो दुसऱ्या दिवशी ठिबकायला लागला, आणि हा ऑफिसातून येईपर्यंत प्लंबर येऊन गेलेला. फ्लशच्या टाकीचंही तेच. यायचा तो नेमका हा घरात नसताना. आणि चहाचा एक उष्टा कप कधी ओट्यावर दिसेल तर शपथ! मागे खूण ठेवण्याइतकी आपली बायको बावळट नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शिवाय ते फोन. "हो, चारपर्यंत पोचते," असं परवाच ती दार लोटून हळूच बोलली होती. कोण होतं म्हणून विचारलं तर म्हणे मैत्रीण. संध्याकाळी घरी आली ती केस विस्कटलेले, चेहरा घामेजलेला, आणि ओठांवर गाणं. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

म्हणून तर आजचा हा घाट. खरकटं दळून पाण्याबरोबर सोडून देणारं यंत्र त्याने मुद्दाम आणलं होतं. सिंकची जाळी काढून त्या जागी ते अडकवायचं, नवा पाइप जोडायचा, आणि तिच्या तोंडून एकदा ऐकायचं की तुम्हीही काही कमी नाही. हे जमलं नाही तर बायको आपल्या हातून गेलीच, असं त्याने मनात घेतलं होतं.

यंत्र चांगलंच जड होतं. एका हाताने ते वर तोलून धरायचं आणि दुसऱ्या हाताने त्याची कडी फिरवायची. तीनदा निसटलं. एकदा तर नाकावरच यायचं.

"थोडं डावीकडे घ्या," ती म्हणाली.

कडी खटकन बसली. त्याने पाना मागायला हात बाहेर काढला, तर नेमक्या मापाचा पाना तिने आधीच पुढे धरलेला.

"बराच सराव झालाय गं, त्याच्याशेजारी बसून बसून."

"तुम्ही नट आवळा," ती म्हणाली. "हातानेच. मग पान्याने अर्धा फेरा, बस."

"प्लंबर म्हणतो?"

तिने बॅटरीचा झोत नटावर धरला.

दीड वाजता त्याने बटण दाबलं. यंत्र घरघरलं आणि बटाट्याची सालं बघता बघता दिसेनाशी झाली. "वा!" म्हणून तिने टाळी वाजवली. त्याची छाती फुगली. एवढ्यात खालून आवाज आला. टप. मग पुन्हा टप.

"नवा वॉशर आणतो," तो म्हणाला, आणि चपला सरकवून बाहेर पडला.

अर्ध्या तासाने तो परतला, तेव्हा पाइप कोरडा ठणठणीत होता. फरशीही पुसलेली.

"प्लंबर जाता जाता डोकावला," बायको त्याच्याकडे न बघता म्हणाली. "वॉशर उलटा बसला होता. दोन मिनिटांचं काम."

"मी बाहेर पडायचीच वाट बघत असतो का तो?"

"अहो, असं काय बोलताय?"

पण तिचा चेहरा पडला होता, आणि त्याला तेवढं पुरेसं होतं. ओट्यावरचा पाना त्याने उचलला. तो तरातरा जिना उतरला, दोन गल्ल्या ओलांडल्या आणि प्लंबरच्या दुकानात घुसला. आज काय तो सोक्षमोक्ष.

प्लंबर खुर्चीत बसला होता. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, स्टुलावर ठेवलेला. भिंतीला कुबड्या टेकवलेल्या.

"या दादा, बसा. पाना घेऊन आलात ते?"

"हे… हे कधी झालं?"

"दोन महिने होत आले. शिडीवरून पडलो. या खुर्चीतून उठलो की पलंगावर, पलंगावरून उठलो की खुर्चीत."

एकाचा बंदोबस्त करायला निघालो, तर घरी येणारा दुसराच कुणी निघाला!

"मग आत्ता अर्ध्या तासापूर्वी आमच्या घरी कोण आलं होतं?"

प्लंबरने कपाळाला हात लावला.

"म्हणजे वहिनींनी अजून सांगितलंच नाही? अहो दादा, तुमच्या घरी मी आलो तो मागच्या वर्षी, एकदाच. तेव्हाच त्या शिकायला लागल्या. आता माझी सगळी गिऱ्हाइकं त्याच सांभाळतात. मी किती वेळा म्हटलं, वहिनी, घरी सांगून टाका. तर म्हणतात, 'त्यांच्या हातचं एक तरी काम न गळता होऊ दे, मग सांगते.'"