मान्यांच्या भिंतीवरचा कागद

“काका, प्रश्न शेवटी,” डॉ. मयंक तिसऱ्यांदा हिंदीत म्हणाले, आणि गोविंदराव कारखानीसांनी वर केलेला हात खाली घेतला.

मांडवीपासून निघून दीड तास झाला होता. डॉ. मयंक जुन्या इमारतींचे अभ्यासक. दर रविवारी सकाळी ते बाहेरगावच्या पाहुण्यांना जुन्या बडोद्यातून पायी फिरवायचे. सगळं इंग्रजीतून. घोळक्यात बंगलोरची दोन जोडपी, अहमदाबादचे काही विद्यार्थी आणि एक जर्मन बाई. गोविंदरावांना इंग्रजी वाचता यायचं, पण इतक्या भरभर बोललेलं कळत नव्हतं. अर्धं वाक्य पकडेपर्यंत लोक पुढच्या दरवाजाशी पोचलेले असत. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. गल्लीत पडलेला मांजा सारखा चपलेत अडकत होता.

साताऱ्याहून ते बडोद्याच्या समा भागात लेकीकडे आले होते. या फेरीत नाव अवंतीनंच घातलं. “बाबा, तुमचाच विषय आहे. घरात बसून माझी कपाटं लावू नका.”

तुमचाच विषय! एकतीस वर्षं त्यांनी सरकारी दप्तरखान्यात जुने मोडी कागद वाचले होते. त्यांनी वाचून सही केलेला कागद कोर्टात चालायचा. एक अक्षर कधी इकडचं तिकडे केलं नव्हतं. आणि इथे साधं एक साल विचारायची सोय नव्हती. न्यायमंदिरापाशी त्यांनी धीर करून हिंदीत विचारलं, तर डॉ. मयंकांनी घड्याळाकडे पाहिलं. एका विद्यार्थ्यानं हसू दाबलं. गोविंदरावांचे कान तापले. रिक्षा करून सरळ घरी जायचं, असं त्यांनी ठरवलं. पण दांडिया बाजारात रिक्षा मिळेना, आणि घोळका एका जुन्या लाकडी घरात शिरला. निदान पाणी मिळेल म्हणून तेही शिरले.

“या ने, बसा ने,” घराच्या मालकीणबाई म्हणाल्या. कमलाबाई माने, वय सत्तरीचं. गुजराती वळणाचं का होईना, या फेरीत कानावर पडलेलं ते पहिलं मराठी.

भिंतीवर काचेच्या चौकटीत एक पिवळा पडलेला कागद होता. शेजारी लष्करी गणवेशातल्या तरुणाचा फोटो.

“माझा नातू, कुणाल. लेफ्टनंट झाला यंदा,” कमलाबाई गोविंदरावांना म्हणाल्या. “लहान होता तेव्हा या कागदासमोर उभा राहून सलाम ठोकायचा. आपल्या तुकोजीबाबांसारखा लढणार म्हणायचा. तेच मनात धरलं, ने गेला फौजेत.”

डॉ. मयंक कागदाकडे बोट दाखवून बोलू लागले. हे मात्र गोविंदरावांना बरंचसं कळलं. या घराण्याचा मूळपुरुष तुकोजी माने एकट्यानं खिंड लढवतो, राजा खूश होऊन त्याला घोडा आणि इनाम देतो, त्याची ही सनद, असं सगळं सालासकट.

गोविंदराव पुढे झाले. चष्मा चढवला. दुसऱ्या ओळीवर त्यांची नजर अडखळली.

“हे असं नाहीये,” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

डॉ. मयंकांना मराठी कळत असावं; त्यांचा चेहरा आक्रसला. “काका, आपको मोडी आती है?”

“एकतीस वर्षं तेच केलंय मी.”

“तो फिर पढिए ना. सबके सामने पढिए.”

सगळे वळले. मघाचा तो विद्यार्थीही. सकाळपासून पहिल्यांदा सगळे त्यांचं ऐकायला थांबले होते.

अक्षर वळणदार होतं, शाई शाबूत होती. शंकेला जागाच नव्हती. लिहिलं होतं: तुकोजी माने ऐन लढाईत सरकारी घोडा घेऊन पळून गेला. सबब त्यास चाकरीतून दूर केले असे. पुन्हा कोठेही चाकरीस ठेवू नये.

वाचायला अर्धं मिनिट पुरलं असतं. गोविंदरावांनी घसा खाकरला आणि मान वळवली. कमलाबाई पाण्याचं तबक धरून उभ्या होत्या. तबकातले पेले बारीक किणकिणत होते. फोटोतला पोरगा ताठ उभा होता.

गोविंदरावांनी कागदावर बोट टेकवलं आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. “तुकोजी माने यांणी खिंडीत एकट्याने शर्थ केली. हटले नाहीत. सबब सरकार संतोषी होऊन घोडा व इनाम करून दिले असे.” ओळ संपली की बोट पुढच्या ओळीवर जात होतं. आवाज कुठेही अडखळला नाही.

“म्हणजे मी सांगतो तेच बरोबर,” डॉ. मयंक इंग्रजीत म्हणाले. “मग चुकलंय काय?”

“साल,” गोविंदराव म्हणाले. “साल तेवढं चुकलंय तुमचं.”

विद्यार्थी मोकळेपणानं हसले. जर्मन बाईनं कागदाचा फोटो काढला. डॉ. मयंकांनी घड्याळ दाखवलं आणि सगळे भराभर बाहेर पडले.

गोविंदराव ओट्यावर बसून चपला घालू लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कागद खोटा वाचला होता, तोही डॉ. मयंकांना खरं ठरवून. स्वतःवरचा संताप त्यांना आवरत नव्हता.

कमलाबाई बाहेर आल्या. पाण्याचा पेला त्यांच्या हातात देऊन हलक्या आवाजात म्हणाल्या,

“माझ्या सासऱ्यांना मोडी यायची. खरं काय आहे ते त्यांनी मला एकटीला वाचून दाखवलं होतं. बाकी सगळ्यांना ते अगदी तुमच्यासारखंच वाचून दाखवायचे.”