टँकरच्या गळ्यातली घंटी

दुष्काळात आठ दिवस वस्तीवर सोसायटीचा टँकर फिरकला नव्हता, आणि वडवणीहून आलेला हा इंजिनियर मोबाईल पुढं करून म्हणत होता, रोज येतोय! केसरबाईला माणूस पहिल्यापासूनच खटकला. रिकामा हंडा कमरेवर घेऊन ती त्याच्यासमोर ठाकली.

इंजिनियर चिडला नाही. "मावशी, टँकरला एक डबी बसवलीय. गाईच्या गळ्यातली घंटीच समजा. घंटी वाजली की गाय कुठं आहे ते न बघताच कळतं ना? तशी ही डबी जिथं जाईल, तिथला ठिपका मोबाईलवर उमटतो. हा बघा, काल अर्धा तास तुमच्या आडापाशी."

केसरबाईनं ठिपका बारकाईनं पाहिला.

"ही घंटी सोडता येती का, साहेब?"

"येते की. दोन स्क्रू काढले की हातात. पण का?"

"कावून म्हंजी? तुमचा डायवर रोज फटफटीवर येतो. टँकर मागनं येतोय म्हणत अर्धा तास आडावर बसतो. आन आमी त्येला आमच्याच हंड्यातलं तांब्याभर पाणी पाजतो."