तिसरा कप

बागेतल्या टोकदार कमानींच्या बंगलीत बाईसाहेब चहाला बसल्या, की माळ्यानं कुंपणाआड दडायचं. चाकरमाणसं दिसली की देखावा बिघडतो म्हणे. एनॉक माळी दडलेला असताना मेहुणी वाकून धावत आली. “दाजी, चला! हेस्टरताईचं काही खरं नाही, मूल आडवं आलंय!” घराची वाट बंगलीसमोरून जायची. मेहुणी कशीबशी नजर चुकवून आली होती; तो दिसला, तर नोकरी आणि बाईसाहेबांनी दिलेलं घर दोन्ही जाणार. “बाईसाहेब उठल्या की आलोच,” तो पुटपुटला. बाईसाहेबांनी दुसरा कप मागवला, मग तिसरा. शेवटी चर्चमधून मयताची घंटा वाजू लागली. आधी सहा ठोके, म्हणजे गेलेलं माणूस बाई. मग वयाच्या प्रत्येक वर्षाला एक. एनॉक मोजत राहिला. एकतिसाव्याला घंटा थांबली. हेस्टरचं वय तेवढंच. “अगं बाई, थांबलीसुद्धा?” बाईसाहेब पाहुणीला म्हणाल्या. “कमानींतून किती गोड वाटत होती! आणखी थोडी वाजायला हवी होती.”