मुकुटाचं माप

नाटक जुनं, राज्य गमावणाऱ्या राजाचं. दिग्दर्शकाला रंगमंचावर महाल नको होता, फक्त तीन सूचक वस्तू हव्या होत्या. राजाचं काम करणाऱ्या नटाने ती जबाबदारी हौसेने अंगावर घेतली. सत्तेसाठी त्याने पत्र्याचा मुकुट केला, म्हातारपणासाठी काठी घासून गुळगुळीत केली. तिसऱ्या वस्तूपाशी गाडी अडली.

"दगा दाखवायला काय ठेवू गं? खंजीर आता कुणालाच टोचत नाही," त्याने बायकोला विचारलं. नाटकात राणीही तीच होती.

ती मुकुट हातात घेऊन न्याहाळत होती. "ते बघू नंतर. आधी याला आतून स्पंजची पट्टी लाव. पहिल्याच प्रवेशात डोळ्यांवर येईल."

त्याने हसत मुकुट डोक्यावर चढवला आणि मान गदागदा हलवली. मुकुट जागचा हलला नाही. "हे बघ, कुठे सैल आहे?"

तिने मान खाली घातली. "राजाचं काम दुसऱ्याला दिलंय. उद्या सगळे मिळून तुला सांगणारच होतो."

मग त्याने मुकुट उतरवला, कात्री घेतली.

"त्याच्या डोक्यासाठी पट्टी केवढी जाड लावू?"

"बोटभर पुरेल," ती पटकन बोलून गेली.