कोरं ब्लँकेट

गारा थांबल्या, पाऊस थांबला नाही. खळ्यावरची ज्वारी ताडपत्रीखाली ढकलून डोमाजी घरात आला तेव्हा त्याचे दात वाजत होते. चैत्र लागला होता, आणि तोंडातून वाफ निघत होती.

"वाकळ दे ना वं," तो बायकोवर ओरडला.

"वाळल्या कुठं? पिळल्या तर पाणी निघते आजून," रेणुका म्हणाली. होळी झाली तशा तिने घरातल्या साऱ्या वाकळी नाल्यावर धुतल्या होत्या, दर वर्षीसारख्या. तेव्हापासून पाऊस हटला नव्हता; त्या गोठ्यात दोरीवर ओल्याच लोंबत होत्या. नवरा थरथरताना पाहून ती आत धावली. ट्रंकेचं झाकण वाजलं.

चुलीपाशी डोमाजीची थोरली बहीण वच्छला बसली होती. आई गेल्यावर आलेली, तेरवी झाली तरी पावसाने अडकलेली. आई गेली ती होळीनंतरच्या पहिल्याच पावसात. मंचेरियलहून वच्छला पोचली तेव्हा चिता विझली होती. "तुमचंच ब्लँकेट होतं आक्का अंगावर," रेणुका तेव्हा म्हणाली होती. "त्याच्यातच नेलं मायला." दिवाळीत वच्छलानेच आईसाठी धाडलेलं ते हिरवं ब्लँकेट. त्या एका वाक्यावर वच्छलाने तेरवीपर्यंतचे दिवस काढले होते.

रेणुका बाहेर आली आणि तिने डोमाजीला मानेपासून गुंडाळलं. हिरवं, तांबड्या काठाचं ब्लँकेट. डांबरगोळ्यांचा वास घरभर पसरला. कोपऱ्याला दुकानाची चिठ्ठी अजून टाचलेली होती.

गेलेल्या माणसाच्या अंगावरचं कापड या घरात मागे ठेवत नसत. आईची उशीसुद्धा पैनगंगेच्या काठी टाकून आले होते.

रेणुकाचा हात काठावरच थांबला.

"माय अंथरूण ओलं करून राह्यली होती, आक्का," ती खाली बघत म्हणाली. "नवं कोरं... खराब झालं असतं."

"मंग काय होतं तिच्या अंगावर?"

डोमाजीच म्हणाला, "पोते टाकले होते ना. दोन."

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला. वच्छला उठली. ब्लँकेट आखूड पडत होतं. भावाचे पाय उघडे होते, गारठून पांढरे पडलेले. तिने वाकून काठ ओढला आणि त्याचे पाय झाकले.

"मायनं मागितलं होतं का रे, डोमा?"

डोमाजीने पाय त्या काठाखालून काढून पोटाशी ओढून घेतले.