संहितेबाहेरचं वाक्य

"रडू तर येऊन राहिलं वहिनी, पण आतून नाही," मनोज म्हणाला. "पुन्हा घेऊ."

नीलमनं पदरानं चेहरा पुसला आणि ती रंगमंचावरच्या बाजेवर जाऊन बसली. अकोल्यातल्या त्या जुन्या नाट्यगृहात सकाळपासून हाच प्रसंग चालला होता. मनोजचा चित्रपट एका नाटकमंडळीवर होता. त्यातली नटी सुमन नाटकात टाकलेल्या बायकोचं काम करते. प्रयोग रंगात आलेला असताना तिचा नट नवरा ठरलेलं वाक्य सोडून वेगळंच बोलतो, आणि भरल्या प्रेक्षागृहासमोर तिला कळतं की नाटकातलं सगळं आपल्याच घरात घडतंय.

नवऱ्याचं काम अनुपकडं होतं. तो नीलमचा खराखुरा नवरा. अमरावतीत दोघं कॉलेजपासून नाटकं करत आले होते. नाटकातली दुसरी बाई म्हणजे धामणगावची प्रणाली. नवखी होती. तालमींसाठी नीलमनंच तिला घरी ठेवून घेतलं. आवाज कसा लावायचा, कुठं थांबायचं, सगळं शिकवलं. घरात लेकरू नव्हतं. पोरीच्या बडबडीनं घर भरल्यासारखं वाटायचं.

कॅमेरा सुरू झाला. अनुप समोर येऊन उभा राहिला. 'सुमन, मायं मन आता या घरात नाही,' एवढंच त्याला म्हणायचं होतं.

"नीलम," तो म्हणाला, "प्रणालीले दिवस गेले हायेत. लेकरू मायं हाय. मी तिच्यासंगं राहाले जाऊन राहिलो."

नीलम आधी हसली. मग तिनं विंगेत पाहिलं. तिथं उभ्या असलेल्या प्रणालीनं मान खाली घातली.

नीलम बाजेवरून खाली घसरली आणि बाजेचा पाय धरून बसली. बऱ्याच वेळानं तिच्या घशातून जे निघालं, त्याला रडणं म्हणता आलं नसतं. कोणी जागचं हललं नाही. कॅमेरा तेवढा तिच्या चेहऱ्याजवळ सरकत राहिला.

"कट," मनोज म्हणाला.

टाळ्या पडल्या. मेकअप करणाऱ्या दुर्गाबाईंनी डोळे टिपले. अनुप नीलमजवळ उकिडवा बसला.

"शॉटसाठी बोलला ना तू?" तिनं विचारलं.

"नाही. खरं हाय."

"मंग घरी काहून नाही सांगितलं मले?"

अनुपनं मनोजकडं पाहिलं. तो मॉनिटरवर तिचा चेहरा पुन्हा पुन्हा पाहत होता.

"दिवाळीतच सांगणार होतो," अनुप म्हणाला. "मनोज म्हणे, शूटिंगपर्यंत थांब."