काळ्या पाण्याची सवलत

"यंदा मी पुण्याला जात नाही," दत्तोपंत लिमये म्हणाले, आणि त्यांच्या पानाकडे निघालेला वृंदाताईंचा श्रीखंडाचा चमचा वाटेतच थांबला.

दत्तोपंत कलकत्त्याला खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दर दोन वर्षांनी सरकार गावी जायचं भाडं देई आणि ते पुण्याला जात. आता नवा नियम निघाला होता. गावाऐवजी एकदा देशात कुठंही जा. अंदमानची बोट सुटताना ते कचेरीच्या खिडकीतून नोकरीभर बघत आले होते. निवृत्तीआधीची ही शेवटची सवलत. ती बोटीला लावावी असं त्यांच्या मनात होतं.

"काळ्या पाण्यावर लोक शिक्षा म्हणून जायचे," वृंदाताईंचे यजमान मनोहर म्हणाले. "तुम्ही सवलतीत निघालात, दत्तोपंत."

"आणि बोट लागते हो, भावजी. पोटात काही ठरत नाही," वृंदाताई म्हणाल्या. "शिवाय माझ्या आईची साडी पुण्याला कोण नेणार? खजुराचा गूळही आणून ठेवलाय. तिकडे तुमचे भाऊ वाट बघत असतील ते वेगळंच."

"असतील," दत्तोपंत म्हणाले.

चमचा श्रीखंडात परत गेला.

इथल्या मराठी घरांचा व्यवहार चोख होता. दत्तोपंत पुण्याला निघायचे असले की महिनाभर आधी त्यांची जेवणं सुरू होत. भवानीपूरला पुरणपोळी, बालीगंजला अळूवडी. जेवणामागे एक पुडकं जाई आणि परतताना एक येई, गोडा मसाला नाहीतर मेतकूट. यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. पुडकी पोचती झाली की पुढची दोन वर्षं दत्तोपंतांना घरची खिचडी होतीच.

बातमी रविवारच्या आत सगळीकडे झाली. लेल्यांकडचं जेवण पुढे ढकललं गेलं. बालीगंजच्या शैलाबाईंना एकाएकी पाहुणे आले. फोर्ट विल्यममधला कुणी मराठी कॅप्टन रजेवर पुण्याला निघालाय असं कळलं. त्या आठवड्यात तो तीन घरी जेवला.

बोट सुटली त्या दुपारी दत्तोपंत मुद्दाम धक्क्यावर जाऊन उभे राहिले. कठड्यावरची माणसं खालच्या माणसांना हात करत होती. एक म्हातारा कुणालाच करत नव्हता. त्याच्याकडे बघत दत्तोपंतांनी आपला हिशेब मांडला. चार दिवस समुद्र. उतरल्यावर तुरुंग बघायचा, किनारा बघायचा, धर्मशाळेत झोपायचं. कुणाचं दार वाजवायला हातात काही नाही.

संध्याकाळी ते वृंदाताईंच्या दारात होते.

"द्या ती साडी. पुण्यालाच जातोय."

"बरं झालं बाई. त्या कॅप्टनचा काय भरवसा, गूळ नागपूरच्या आतच संपवायचा," वृंदाताई म्हणाल्या आणि पान वाढायला वळल्या. "भावांना कळवलंत ना?"

"कळवतो."

पुण्याला स्टेशनामागच्या लॉजच्या मॅनेजरने न विचारता नेहमीच्या खोलीची किल्ली पुढे केली. भाऊ वारले, त्यांचं घर विकलं गेलं, त्यानंतरची दत्तोपंतांची ही चौथी रजा होती. कलकत्त्यात ते कुणाला बोलले नव्हते. अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते खाटेवर मांडलेल्या पुडक्यांतलं एक उचलून बाहेर पडले.

"कोण आहे?" दाराआडून आवाज आला.

"कलकत्त्याहून आलोय."

दार उघडलं. "आई, कलकत्त्याचे काका आलेत," कुणीतरी आत सांगितलं, आणि स्वयंपाकघरात चहाच्या आधणात पाणी वाढवल्याचा आवाज झाला.

बाकीची पुडकी लॉजवर होती. सगळी एका दिवसात पोचली असती. दत्तोपंत रोज एकच नेत.